कळ येते, कळ जाते

आजचा विषय आहे बाळंतपणातल्या श्वासाचा. विषय बायकांचा वाटला तरी तो मी सगळ्या घरासाठी निवडला आहे. ज्या घरात येत्या दोन-चार महिन्यांत पाळणा हलणार आहे, त्या घरातल्या आईनं, सासूबाईंनी, नणंदेनं आणि होणाऱ्या बापानंही हे जरा कान देऊन ऐकावं.

श्वास काय शिकायचा, तो तर जन्मल्यापासून घेतोच आहोत, असं कुणीही म्हणेल. खरं आहे. पण दाराच्या फटीत बोट सापडलं की आपण काय करतो ते आठवा. आधी श्वास अडकतो. दात आवळले जातात, खांदे वर चढतात, मुठी वळतात. मग धापा लागतात. बोट सापडलं तर हा सगळा प्रकार मिनिटभराचा. बाळंतपणात कळ पुन्हा पुन्हा येते, कित्येक तास येत राहते. प्रत्येक कळेला बाई हेच करत राहिली, तर जोर लावायची वेळ येईपर्यंत तिच्या अंगात त्राणच उरत नाही.

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयांच्या प्रसूती विभागात परिचारिका होते. आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला. शेवटची काही वर्षं दर बुधवारी तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांना बाकावर बसवून अर्धा तास श्वासाचे प्रकार शिकवायचे. एवढ्या वर्षांत जे पाहिलं त्याचं सार दोन वाक्यांत सांगते. श्वासानं कळ थांबत नाही, तो दोन कळांमधली विश्रांती वाचवतो. आणि असा श्वास टिकवायला बाईच्या उशाशी आपलं माणूस लागतं. आजचं सगळं बोलणं या दोन वाक्यांचंच आहे.

आधी कळ म्हणजे काय ते समजून घेऊ. गर्भाशय, ज्याला आपण पिशवी म्हणतो, ते मुख्यतः स्नायूंचं बनलेलं असतं. पिशवी आवळते तेव्हा तिचं खालचं तोंड वर खेचलं जातं, पातळ होतं आणि हळूहळू उघडतं. ते पूर्ण उघडलं म्हणजे साधारण १० सेंटीमीटर. कळ येते ती लाटेसारखी. चढत जाते, माथ्यावर येते आणि उतरते. कळांनी चांगला जोर धरला की दहा मिनिटांत तीन ते चार कळा येतात आणि एकेक कळ ४० ते ६० सेकंद टिकते.

आता एक साधा हिशेब करू. दहा मिनिटांत चार कळा धरा आणि प्रत्येक कळ ४५ सेकंदांची धरा. दहा मिनिटांत तीन मिनिटं झाली. म्हणजे ऐन भरातसुद्धा तासाला १८ मिनिटं कळ असते आणि ४२ मिनिटं मोकळी असतात. हा हिशेब मी बुधवारच्या बायकांना फळ्यावर मांडून दाखवायचे, तेव्हा त्यांचा विश्वासच बसत नसे. बाळंतपण म्हणजे अखंड यातना, असंच त्यांनी ऐकलेलं असे.

ही ४२ मिनिटं फार मोलाची आहेत, नुसती आईला नाही, बाळालाही. कळ चालू असताना पिशवीच्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. कळ ओसरली की रक्त पुन्हा वाहू लागतं, बाळाला प्राणवायू नीट मिळतो. निसर्गानं दोघांच्याही विसाव्याची सोय करून ठेवली आहे. प्रत्यक्षात काय होतं? एक कळ गेली की बाई पुढच्या कळेच्या धास्तीनं तशीच आवळून बसते. हातातला पलंगाचा गज सुटत नाही, दात सुटत नाहीत. कळ १८ मिनिटांची आणि भीती ६० मिनिटांची, असा मामला होतो.

भीतीनं नुसतं मन थकत नाही. घाबरलं की शरीरात ॲड्रिनलिन नावाचं द्रव्य वाढतं. ते पळायला किंवा लढायला उपयोगी. बाळंतपणात पळायचंही नसतं आणि लढायचंही नसतं. ते फार वाढलं तर कळांचा जोर मंदावू शकतो, आणि ताठलेल्या अंगाला तीच कळ जास्त दुखते. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज प्रसूतितज्ज्ञानं १९३३ साली ‘नॅचरल चाइल्डबर्थ’ या पुस्तकात हे मांडलं होतं. भीतीनं अंग ताठतं, ताठलेल्या अंगानं दुखणं वाढतं, वाढलेल्या दुखण्यानं भीती आणखी वाढते, असं हे चक्र. त्यांची सगळीच मतं आज कुणी जशीच्या तशी मानत नाही, पण हे चक्र प्रसूती विभागात काम केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल.

हे चक्र तोडायचं कुठं? भिऊ नकोस, असं सांगून भीती जात नाही. पिशवी आपल्या हुकमात नाही, काळजाचे ठोके हुकमात नाहीत. आतून आपोआप चालणाऱ्या कामांपैकी श्वास मात्र असा आहे, की तो आपोआपही चालतो आणि ठरवलं तर आपल्याला हळूही करता येतो. तेवढीच एक दोरी आपल्या हातात असते.

ती सुटली तर काय होतं, त्याचा एक प्रसंग सांगते. जिल्ह्याच्या रुग्णालयात एक पहिलटकरीण आली होती, वीस-एकवीस वर्षांची. नातेवाईक घाबरून ओरडत होते, ‘सिस्टर, हिला झटके येताहेत.’ तिच्या हाताची बोटं वाकडी होऊन आखडली होती, ओठांना मुंग्या येत होत्या, डोळ्यांसमोर अंधारी येत होती. आम्ही आधी रक्तदाब घेतला, लघवी तपासली. दोन्ही ठीक होतं. श्वास मोजला तर मिनिटाला चाळीस. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, ‘ताई, माझ्या बोटाकडं बघ. बोट वर गेलं की श्वास घे, खाली आलं की सोड. सोडताना घाई नको.’ चार-पाच मिनिटांत तिची बोटं आपसूक उघडली.

कारण असं, की धापा टाकून श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड नको इतका बाहेर जातो. हा वायू अगदीच टाकाऊ नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण फार घसरलं की मुंग्या येतात, बोटं आखडतात, चक्कर येते. रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाकडं पोचणारा प्राणवायूही कमी होऊ शकतो. म्हणजे बाई जीव तोडून श्वास घेते आहे आणि मिळतं आहे ते उलटंच. इथं एक गोष्ट बजावून सांगते. गरोदरपणात रक्तदाब वाढून खरे झटके येतात, तेव्हा बाईच्या जिवाला धोका असतो. बोटं वाकडी झाली म्हणजे श्वासाचंच असेल, असा निवाडा घरी कुणी करू नये. तो रुग्णालयातच व्हायला हवा.

गरोदर बाईला धाप लवकर लागते, त्यालाही कारण आहे. दिवस भरत येतात तसा तिचा मिनिटाभराचा एकूण श्वास जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेला असतो. वाढत्या पिशवीमुळे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा सुमारे चार सेंटीमीटर वर सरकलेला असतो आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी झालेली असते. गरज जास्त आणि शिल्लक कमी, असा हा संसार आहे. त्यात उधळपट्टी परवडत नाही.

शिकवून श्वास घ्यायला लावायचा, हे आलं कुठून? त्याची गोष्ट रशियातून सुरू होते. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हा पाव्हलॉव्ह यांचा प्रयोग शाळेत अनेकांनी वाचला असेल. सोव्हिएत संघातल्या डॉक्टरांनी १९५० च्या आसपास तो विचार बाळंतपणाला लावला. कळ आली की भीती, अशी सवय बाईला लागलेली असते, तर कळ आली की श्वास, अशी सवय का लावू नये? फर्नाँ लमाझ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९५१ साली तिकडं जाऊन हे पाहिलं आणि पॅरिसमध्ये धातुकामगारांच्या संघटनेच्या रुग्णालयात ही पद्धत सुरू केली. तिथून ती अमेरिकेत गेली. आज आपल्याकडं पुण्या-मुंबईत ‘लमाझ क्लास’ म्हणतात, ते नाव याच डॉक्टरांचं.

या गोष्टीतून दोन धडे घ्यायचे. पहिला असा, की सवय एका दिवसात लागत नाही. कळा सुरू झाल्यावर शिकवलेलं डोक्यात शिरत नाही. दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. त्या काळात या पद्धतीचा गाजावाजा ‘वेदनेशिवाय बाळंतपण’ असा झाला. लमाझ यांच्या रुग्णालयात तर बायकांच्या बाळंतपणाला उत्तम पासून अपयशी पर्यंत श्रेणी दिली जायची. ज्या बाईला दुखलं, ती जणू नापास. शिवाय तेव्हा शिकवला जाणारा उथळ, भराभर श्वास पुढं मागं पडला, कारण त्यानं वर सांगितलेली चक्कर आणि मुंग्या येऊ शकतात. आता भर आहे तो संथ, आपल्याला झेपेल अशा श्वासावर. म्हणून माझ्या मैत्रिणींनो, हे पक्कं लक्षात ठेवा. बाळंतपण ही परीक्षा नाही. श्वास शिकूनही तुम्ही ओरडलात, रडलात, कंबरेतलं भुलीचं इंजेक्शन घेतलंत किंवा सिझेरियन झालं, तरी तुमचं काहीही चुकलेलं नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडं वळू. सातवा महिना लागला की सुरुवात करा. रोज दहा मिनिटं पुरे. भिंतीला पाठ टेकून मांडी घालून बसा, खुर्चीत बसा किंवा डाव्या कुशीवर झोपा. उताणं झोपून करू नका. पिशवीच्या भारानं मोठ्या रक्तवाहिन्या दबून गरगरू शकतं. दमा, हृदयाचा आजार किंवा रक्त फार कमी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. योगासनं करणाऱ्या बायका नेहमी विचारतात म्हणून सांगते, गरोदरपणात कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरायचा कुंभक करू नये.

पहिला प्रकार संथ श्वासाचा. नाकानं श्वास घ्या, मनात चार आकडे मोजत. पोट आणि खालच्या बरगड्या फुगू द्या. मग तोंडानं सोडा, सहा आकडे मोजत. सोडायचा कसा? तापलेल्या दुधावरची साय फुंकर घालून बाजूला करतो ना, तसा. इतक्या हलक्यानं, की साय सरकेल पण दूध उडणार नाही. सोडताना कपाळ, जबडा, खांदे, तळहात एकेक करून सैल सोडायचे. आकड्यांचा हट्ट नाही. तीन आणि चार जमत असेल तर तेच चांगलं. सोडणं घेण्यापेक्षा लांब असलं म्हणजे झालं. कळांच्या सुरुवातीच्या काळात, जोवर जमतंय तोवर, हाच श्वास चालवायचा.

कळ येतेय असं वाटलं की आधी एक दीर्घ सुस्कारा टाकायचा. मग संथ श्वास. कळ गेली की पुन्हा एक सुस्कारा आणि अंग सैल. हा शेवटचा सुस्कारा विसरायचा नाही. गेलेली कळ गेली, असं अंगाला सांगण्याची ती खूण आहे. त्यानंतर साधा श्वास, घोटभर पाणी, डोळे मिटून पडणं, वाटलं तर चार पावलं चालणं.

दुसरा प्रकार आवाजाचा. कळांचा जोर वाढला की नुसतं मोजणं पुरत नाही. तेव्हा सोडताना तोंड मिटून ‘हं’ असा गुंजारव करा किंवा तोंड उघडून खालच्या पट्टीत ‘आ’ म्हणा. भ्रामरी शिकलेल्यांना हे लगेच जमतं. आवाज काढला की श्वास आपोआप लांब होतो आणि अडकत नाही. किंचाळलं की गळा आवळतो, खर्जातल्या आवाजानं जबडा सैल राहतो. आपल्या आज्या जात्यावर दळताना गायच्या. दळण जड, पण ओवीच्या ओळीबरोबर श्वास बांधलेला असायचा, म्हणून पायली पायली दळण व्हायचं. कष्टाला आवाजाची सोबत देणं आपल्याला नवं नाही.

तिसरा प्रकार आवरायच्या श्वासाचा. पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या थोडं आधी काही बायकांना जोर करावासा वाटतो. तपासणी करून डॉक्टर किंवा सिस्टर म्हणतात, ‘इतक्यात नको.’ तेव्हा दोन छोटे श्वास आणि एक लांब फुंकर, असा क्रम धरायचा. ‘ह, ह, फूऽऽ’. फुंकर घालत असताना पूर्ण जोर लावता येत नाही, ही त्यातली युक्ती. बाळाचं डोकं बाहेर येत असतानाही सिस्टर हेच करायला सांगतील, कारण डोकं सावकाश आलं तर खालची त्वचा फाटण्याचा संभव कमी होतो. हा श्वास थोडा वेळच चालवायचा, नाहीतर गरगरतं. घरी तीन-चार वेळा करून बघितलं तरी पुरे.

चौथी गोष्ट जोर लावण्याची. आपल्याकडं बाईनं छातीत हवा भरायची, हनुवटी छातीला टेकवायची आणि श्वास कोंडून, चेहरा लाल होईपर्यंत जोर करायचा, सगळ्यांनी भोवती उभं राहून ‘जोर कर, जोर कर’ ओरडायचं, अशी पद्धत पडली आहे. श्वास इतका लांब कोंडण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे, की पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर बाईला आतून जशी भावना होईल तसा तिला जोर करू द्यावा. तसं मोकळं सोडलं तर बहुतेक बायका एका कळेत पाच-सहा सेकंदांचे तीन-चार जोर लावतात आणि मध्ये श्वास घेतात. कण्हत, आवाज काढत लावलेला जोरही जोरच असतो. कंबरेत भूल दिलेली असली तर ही भावना नीट कळत नाही, तेव्हा सिस्टर सांगतील तसं करावं. आणि कुणी वरून पोट दाबत असेल, तर त्या सूचनांत तेही करू नये असंच म्हटलं आहे.

आता दुसऱ्या वाक्याकडं येते, उशाशी बसणाऱ्या माणसाकडं. हे चारही प्रकार ज्या बाईला घरी तोंडपाठ असतात, तीसुद्धा रात्री दोन वाजता, अनोळखी खोलीत, दिव्याच्या झोतात ते विसरते. मोजायला दुसरं कुणी लागतं.

एका रात्रीची आठवण आहे. डॉक्टरीणबाईंनी एका मुलीच्या आजीला आत बसू दिलं होतं. आजीला श्वासाचा व्यायाम वगैरे काही ठाऊक नव्हतं. ती नातीच्या कमरेवर तळहात ठेवून गोल गोल चोळत होती, अगदी एका लयीत, आणि प्रत्येक कळेला म्हणत होती, ‘आली, आली... चढली... आता उतरली बघ, गेली.’ नातीचा श्वास हळूहळू आजीच्या हाताबरोबर चालू लागला. दोन कळांच्या मध्ये पोरगी चक्क डुलक्या घेत होती. मी पुढं बुधवारच्या बायकांना आजीचे हे शब्द शिकवू लागले. ‘चढली’ आणि ‘उतरली’ या दोन शब्दांत कळेला शेवट आहे हे सांगून होतं.

पूर्वी बाळंतपण घरात व्हायचं तेव्हा सुईण असायची, आई असायची, शेजारची कुणी असायची. सोबत होती, पण अडलेल्या बाईला वाचवायची सोय नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातली फक्त ३८.७ टक्के बाळंतपणं रुग्णालयात होत होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेलं. एक लाख जिवंत जन्मांमागं होणारे मातांचे मृत्यू २००१-०३ मध्ये ३०१ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. यात अनेक गोष्टींचा वाटा आहे आणि रुग्णालयातल्या बाळंतपणाचा वाटा मोठा आहे. हे फार मोठं काम झालं. पण बाई रुग्णालयाच्या दारातून आत गेली आणि तिची आई दाराबाहेर राहिली. आत एका सिस्टरच्या वाट्याला तीन-चार बायका. मोजत बसायला वेळ कुणाला? मग ‘ओरडू नकोस’, ‘गप पड’ हे शब्द येतात. मी ते ऐकले आहेत आणि ते ऐकून श्वास धरून बसलेल्या बायकाही पाहिल्या आहेत. वेदनेत असलेल्या बाईला दरडावलं की तिची भीती वाढते. भीतीनं काय होतं, ते वर सांगितलंच आहे.

यावर उपाय महाग नाही. कॉक्रेन या संस्थेनं २०१७ साली १७ देशांतल्या २६ अभ्यासांचा, १५ हजारांहून जास्त बायकांचा एकत्र आढावा घेतला. बाळंतपणात ज्यांच्याजवळ सतत कुणी सोबतीला होतं, त्यांची बाळंतपणं नैसर्गिक रीतीनं होण्याचा संभव जास्त होता, सिझेरियन कमी होती, कळांचा काळ थोडा कमी होता आणि बाळंतपणाची कडवट आठवणही कमी जणींच्या मनात राहिली. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानं २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. ही सोबतीण स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, ती शेवटपर्यंत थांबावी आणि तिनं उपचारात ढवळाढवळ करू नये, एवढ्या अटी. जिथं आडोशाची नीट सोय आहे तिथं नवऱ्यालाही बसता येतं. ‘लक्ष्य’ ही प्रसूती विभाग सुधारण्याची योजना डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली, तिच्यातही सोबतिणीचा समावेश आहे. म्हणून सोबत मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. मात्र ऐन वेळी दारात वाद घालू नका. आठव्या महिन्याच्या तपासणीला गेलात की शांतपणे विचारून ठेवा, ‘आमच्या आईला आत बसू द्याल ना?’

सोबतीणबाईंनीही आधी तयारी करावी. शेवटच्या दोन महिन्यांत रोजची ती दहा मिनिटं गरोदर मुलीबरोबर स्वतः श्वास घेत बसावं. आत गेल्यावर सूचनांचा मारा करू नये. ‘नीट श्वास घे’ म्हणण्यापेक्षा तिच्यासमोर बसून स्वतः संथ श्वास घ्यावा, ती आपोआप मागं येते. पाठ चोळावी, पाणी द्यावं, घाम पुसावा. अमकीला दोन तासांत सुटका झाली, तमकीचं पोट फाडावं लागलं, या गोष्टी दाराबाहेर ठेवाव्यात. आणि ‘कळ सोस गं’ असं म्हणण्यापेक्षा ‘ही उतरली बघ’ म्हणावं.

श्वासाची मर्यादाही सांगितली पाहिजे. निरोगी बाईला वेदना सोसायला मदत म्हणून श्वासाचे आणि अंग सैल करण्याचे प्रकार सुचवावेत, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. त्यानं वेदना थोडीबहुत हलकी वाटते, बाई आपल्या ताब्यात राहते, इतपतच खात्री देता येते. बाळ अडलं असेल, रक्त जात असेल, बाळाचे ठोके घसरत असतील, तर त्यावर श्वास हा उपचार नाही. घरी शांतपणे श्वास घेत बसायचं कुठवर, हेही ठरलेलं हवं. पहिलटकरणीला पाच-पाच मिनिटांनी नियमित कळा येऊ लागल्या की निघावं. गाव दूर असेल, रस्ता खराब असेल किंवा आधीचं बाळंतपण झालेलं असेल, तर त्याहून लवकर. पाणी गेलं, अंगावरून लाल जाऊ लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधुक दिसू लागलं, किंवा सदतीस आठवडे भरायच्या आत कळा सुरू झाल्या, तर मोजत बसू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा. संथ श्वास गाडीत घेता येतो.

आपल्या भाषेत बाळंतपण पार पडलं की ‘बाई मोकळी झाली’ असं म्हणतात. हे मोकळं होणं शेवटी एकदम होत नाही. कळेगणिक, दर सुस्काऱ्यागणिक ते थोडं थोडं होत असतं. ज्या घरात दिवस भरत आले आहेत, तिथं आज रात्री जेवणं आटोपली की दोघींनी किंवा दोघांनी भिंतीला टेकून बसा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. आणि आत कोण बसणार, ते आजच ठरवा.